खिशातली वही, टेबलावरची वही

मराठीच्या प्राध्यापकाने संगणकाच्या नादी लागणे म्हणजे वैद्याने घड्याळे दुरुस्त करणे, असे आमच्या घरात एक मत आहे. ते कोणाचे, हे सुज्ञ वाचकांस सांगायला नको! पण गेली चार वर्षे मी देवगडकडच्या माझ्या मावशीचे बोलणे टिपून ठेवतो आहे. तिचे वय ८४. ‘झील’, ‘चेडू’, ‘घोव’ हे शब्द कोणीही सांगेल. ती ते कोणत्या प्रसंगी, कोणत्या ठसक्यात वापरते, ते मात्र तिच्याबरोबरच जायचे. शब्द सापडतो तिच्या ओसरीवर, तेव्हा खिशात मोबाइल असतो. अर्थ लावायचा तो पुण्याला, संगणकापुढे बसून. वही अशी हवी, की ती दोन्हीकडे उघडेल.

अशी वही म्हणजे साधी टेक्स्ट फाइल. तिच्यात ठसठशीत मथळे नाहीत, रंग नाहीत, चित्रे नाहीत; नुसता मजकूर. म्हणूनच ती कोणत्याही यंत्रावर उघडते.

मावशीच्या काही ओव्या पूर्वी एका टंकलेखकाने जुन्या फॉन्टात उतरवून दिल्या होत्या. ती फाइल मोबाइलवर उघडली, की रोमन अक्षरांची भेळ दिसते. त्या पद्धतीत ‘क’ हा ‘क’ म्हणून साठवलेला नसेच. रोमन अक्षराच्या घरात ‘क’चे चित्र बसवलेले असे. फॉन्ट गेला, की चित्र गेले. १९९१ साली युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्वतःचे क्रमांक मिळाले, आणि हा परघरचा मुक्काम संपला. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘क्षि’ हे डोळ्यांना एक अक्षर. फाइलीत मात्र क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी चार चिन्हे, म्हणजे बारा बाइट. तरी तीनशे पानांचे पुस्तक साधारण दोन मेगाबाइटांत मावते. मोबाइलने काढलेले एखादे छायाचित्रही याहून जड असते.

आता खरी मराठी गंमत ऐका. ‘किनाऱ्यावर’ या शब्दातला ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात नुक्ता असलेला ‘ऱ’ असतो. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही जुळी भावंडे! पण मोबाइलचा कळफलक एक तऱ्हा वापरीत असेल आणि संगणकाचा दुसरी, तर शोध घेताना निम्म्या नोंदी हाती लागत नाहीत. शब्द हरवत नाही, सापडत नाही एवढेच. कोशकाराला दोन्ही सारखेच. मी म्हणून महिन्यातून एकदा सगळे ‘ऱ्या’ एका तऱ्हेचे करून घेतो. व्याकरण शिकवणाऱ्याला हे काम आवडते, हेही सांगून टाकतो.

ओळ संपल्याची खूण विंडोजमध्ये दोन चिन्हांची आणि इतरत्र एकाच चिन्हाची असते. २०१८ पर्यंत विंडोजचे नोटपॅड बाहेरून आलेल्या फाइलीच्या सगळ्या ओळी एकीला एक चिकटवून दाखवी. तो जाच आता उरला नाही.

उरला आहे तो दोन प्रतींचा. ओसरीवर रेंज नसताना मोबाइलवर लिहिले आणि इकडे घरच्या कोणी संगणकावर तीच फाइल सुधारली, तर दोन्ही यंत्रे जुळवणारी सेवा बहुधा दोन प्रती ठेवते. काही वेळा मात्र नंतरची प्रत आधीचीवर बसते. त्यामुळे देवगडच्या नोंदींना मी रोज नवी फाइल करतो, नावात तारीख घालतो, आणि पुण्याला आल्यावर त्या मोठ्या फाइलीत जोडतो. तिच्यात आज ६१२ नोंदी आहेत. मावशी विचारते, “माझा बोलणा त्या डबीत मावता काय रे?”