सीओपीडी : औषधाइतकीच परिचारिकेची शिकवणही मोलाची

नवी दिल्ली : अंघोळ करून कपडे घालेपर्यंत धाप लागते, म्हणून अंघोळच टाळली जाते, जिना चढवत नाही, म्हणून लग्नकार्याला जाणे सुटते. दीर्घकालीन श्वसनमार्ग अवरोधक आजार, अर्थात सीओपीडी, रुग्णाचे जगणे असे हळूहळू घराच्या चार भिंतींत कोंडत नेतो. भारतात १९९० मध्ये या आजाराचे सुमारे २.८ कोटी रुग्ण होते. २०१६ मध्ये ही संख्या ५.५ कोटींवर गेल्याचा अंदाज ‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधील अभ्यासात मांडण्यात आला. धूम्रपानाबरोबरच हवेचे प्रदूषण आणि चुलीचा धूर ही त्याची प्रमुख कारणे असल्याने कधीही विडी न ओढलेल्या स्त्रियाही त्याला बळी पडतात.

फुप्फुसांची गमावलेली क्षमता औषधांनी पूर्ववत होत नाही. मात्र, उरलेल्या क्षमतेत रुग्णाला अधिक चांगले जगता येते. हे कौशल्य शिकवण्यात परिचारिकांची भूमिका महत्त्वाची ठरते.

पहिला धडा इनहेलरचा. फवाऱ्याचा इनहेलर आधी हलवणे, श्वास पूर्ण सोडणे, मग संथ श्वास घेतानाच तो दाबणे आणि सुमारे १० सेकंद श्वास रोखणे, हा त्याचा क्रम. तो चुकल्यास बरेचसे औषध तोंडात व घशातच राहते. स्टेरॉइडयुक्त औषधानंतर चूळ भरणेही आवश्यक असते. त्यामुळे ही कृती रुग्णाकडून प्रत्यक्ष करवून घेणे आणि प्रत्येक भेटीत पुन्हा तपासणे गरजेचे असते.

दुसरा धडा श्वासाचा. नाकाने श्वास घेऊन, गरम चहावर फुंकर घालावी तसा ओठांचा चंबू करून तो दुप्पट वेळ सोडल्यास फुप्फुसांत अडकलेली हवा बाहेर पडण्यास मदत होते. स्टुलावर बसून अंघोळ करणे, वजन उचलताना श्वास सोडणे अशा साध्या सवयींनी कामे सुसह्य होतात. धापेच्या भीतीने हालचाल थांबवल्यास स्नायू दुबळे होऊन धाप आणखी वाढते. व्यायामावर आधारित फुप्फुस पुनर्वसनामुळे जीवनमान सुधारते, असा निष्कर्ष ६५ चाचण्यांचा विचार करणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१५ मधील आढाव्यात निघाला.

कुटुंबीयांनाही मार्गदर्शन लागते. घरी ऑक्सिजन सुरू असल्यास त्याचा प्रवाह परस्पर वाढवू नये; काही रुग्णांच्या रक्तात त्यामुळे कार्बन डायऑक्साइड साचू शकतो. उपकरणाजवळ निरांजन, उदबत्ती वा विडी पेटवू नये. कफ वाढल्यास, त्याचा रंग बदलल्यास किंवा धाप नेहमीपेक्षा वाढल्यास डॉक्टरांना त्वरित कळवावे. ओठ निळसर पडणे, गुंगी येणे वा बोलण्यात असंबद्धता जाणवणे ही रुग्णालयात तातडीने नेण्याची लक्षणे आहेत.

केंद्राच्या असंसर्गजन्य आजार नियंत्रण कार्यक्रमात सीओपीडीचा समावेश आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या उपकेंद्रांत नेमलेल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांपैकी अनेकांचे शिक्षण परिचर्येचेच असते. हे धडे गावात पोहोचवणारे हात त्यामुळे उपलब्ध आहेत. प्रत्येक रुग्णासाठी त्यांना पुरेसा वेळ मिळणे ही खरी गरज आहे.