कृष्णेच्या काठानं पाच दिवस... थोडे स्वतःसाठीही!

दिवाळीची सुट्टी जवळ आली, की घरोघरी एकच चर्चा सुरू होते, ‘यंदा कुठं जायचं?’ मुलांना समुद्र हवा असतो, सासूबाईंना देवदर्शन, आणि ‘गाडी काढू नि जाऊ’ असं म्हणून घरातला कर्ता पुरुष मोकळा होतो. पण मैत्रिणींनो, या ‘गाडी काढू’मागे काय काय दडलेलं असतं, ते आपल्यालाच ठाऊक! वाटेत खायला दशम्या नि चटणी, मुलांचे स्वेटर, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या, दूधवाल्याला निरोप, शेजारी किल्ली, तुळशीला पाणी कोण घालणार... गाडीत बसेपर्यंतच ती दमून जाते. परत आल्यावर धुण्याचा डोंगर असतोच. म्हणजे ट्रिप सगळ्यांची झाली, पण तिची झाली का?

म्हणूनच यंदा ट्रिपचं प्लॅनिंग जरा वेगळ्या पद्धतीनं करून पाहू या. त्यासाठी फार लांब जायची गरज नाही. सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे आणि त्यांना जोडणारी आपली कृष्णामाई! अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या सोबतीनं जाणारा ‘ग्रेट रिव्हर रोड’ नावाचा रस्ता आहे. मिनेसोटा राज्यातल्या इटास्का तलावापाशी ही नदी उगम पावते. तिथून खाली खाली, मुक्काम करत करत जाणारी कुटुंबं असतात. आपल्याला तर उगमापासून संगमापर्यंत सगळं पाच दिवसांत, जेमतेम तीनशे किलोमीटरमध्ये पाहता येतं. रोजचा प्रवास दोन-तीन तासांचाच. त्यामुळे मुलं कंटाळत नाहीत आणि म्हाताऱ्या माणसांची कंबर धरत नाही.

पहिला दिवस : वाई ते महाबळेश्वर

पुण्याकडून येणार असाल, तर शिरवळजवळ आडवाट करून नायगावला जरूर थांबा. ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले यांचा जन्म झाला, ते हे गाव. शाळेत जाणाऱ्या लेकीला हे गाव दाखवायलाच हवं.

वाईत घाटावरचा ढोल्या गणपती आहे, पण गणपतीला नमस्कार करून लगेच गाडीत बसू नका. पाऊल उचलून पाचेक मिनिटं घाटाच्या पायऱ्यांवर बसा. मराठी विश्वकोशाचं काम ज्या गावातून उभं राहिलं, ते हेच वाई. जवळच मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि सुंदर घाट आहे. इथली प्रचंड घंटा वसईच्या मोहिमेतून आलेली. ‘स्वदेस’ सिनेमातलं गाव म्हटलं की मुलंही खूश होतात!

पसरणी घाट चढून पाचगणी, मग महाबळेश्वर. वाईपासून हे अंतर साधारण ३२ किलोमीटर. वळणांवर उलटीचा त्रास होणाऱ्यांनी भरपेट जेवून घाट चढू नये. आल्याच्या वड्या किंवा आवळासुपारी पर्समध्ये असू द्या.

दुसरा दिवस : उगम आणि माहुली

सकाळी लवकर क्षेत्र महाबळेश्वरला जा. बाजारपेठेपासून ते पाच-सहा किलोमीटरवर आहे. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचं पाणी एकत्र येतं. गंमत पाहा, यातली सावित्री पश्चिमेला कोकणात उतरते आणि अरबी समुद्राला मिळते, तर कृष्णा पूर्वेला वळून थेट बंगालच्या उपसागराकडे निघते. एकाच डोंगरावरच्या या दोघी, पण दोघींची सासरं दोन टोकांना! आयुष्यभर कृष्णाकाठी राहून जिनं उगम कधी पाहिलेला नाही, अशी एखादी आजी घरात असेल, तर तिला पुढच्या सीटवर बसवून घेऊन या.

मेढ्यामार्गे खाली साताऱ्याकडे उतरताना वेण्णा सोबतीला असते. साताऱ्याजवळ संगम माहुलीला ती कृष्णेला मिळते. इथली दगडी देवळं पाहाच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे इथं महाराणी येसूबाई आणि महाराणी ताराबाई यांच्या समाध्या आहेत. औरंगजेबाच्या कैदेत अनेक वर्षं काढलेली एक आणि त्याच्याशी लढलेली दुसरी, दोघी या एकाच नदीकाठी विसावल्या आहेत. मुलांना मात्र शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी जास्त आवडेल. मुक्काम साताऱ्यात. कंदी पेढे घेतल्याशिवाय तिथून निघणं शक्यच नाही!

तिसरा दिवस : एकच ठिकाण निवडा

साताऱ्याभोवती सज्जनगड, ठोसेघर, कास असं पाहण्यासारखं पुष्कळ आहे. इथंच नेमकी घाई होते. एका दिवसात तीन ठिकाणं उरकायची आणि शेवटी एकही नीट आठवत नाही. म्हणून एकच निवडा. सज्जनगडावर गाडी बरीच वर जाते, पण पुढे पायऱ्या आहेत. सासूबाईंच्या गुडघ्यांना विचारूनच ठरवा. कासची फुलं साधारण ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यात कासचं पठारही आहे. तिथं गर्दीवर मर्यादा असते, त्यामुळे आधी ऑनलाइन बुकिंग करावं लागतं. दिवाळीत जाणार असाल, तर फुलांची आशा ठेवू नका.

दुपारनंतर कऱ्हाड गाठा. प्रीतिसंगमावर संध्याकाळी पोहोचाल असं पाहा. एरवी नद्या एकमेकींना कडेनं येऊन मिळतात, इथं कृष्णा आणि कोयना अगदी समोरासमोर येऊन भेटतात. बरोबर निघालेल्या दोघी बहिणी वेगवेगळ्या खोऱ्यांतून फिरून इथं पुन्हा भेटतात, म्हणून तर नाव प्रीतिसंगम! यशवंतराव चव्हाणांची समाधी इथंच आहे.

चौथा दिवस : आपल्या आज्यांची वाट

हा दिवस खास आपला. कऱ्हाड सोडलं की ओगलेवाडी लागते. आजीच्या घरातला ‘प्रभाकर’ कंदील आठवतो? तो इथल्या ओगल्यांच्या काच कारखान्याचा. पुढं यशवंतरावांचं जन्मगाव देवराष्ट्रे आणि शेजारी सागरेश्वर अभयारण्य. उजाड डोंगरावर माणसांनी झाडं लावून, जनावरं आणून हे जंगल उभं केलं आहे. सांबरं, चितळं दिसली की मुलांची भूकसुद्धा पळते.

मग कुंडल. ‘रुचिरा’च्या कमलाबाई ओगल्यांचं हे जन्मगाव. १९७० मध्ये ‘रुचिरा’ आलं आणि नव्यानं संसार मांडणाऱ्या किती जणींना त्या पुस्तकानं हात धरून स्वयंपाक शिकवला! जवळच किर्लोस्करवाडी. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी इथल्या माळावर कारखान्याचं गाव वसवलं. याच गावातून १९३० मध्ये ‘स्त्री’ मासिक सुरू झालं. बाईनं काय वाचावं, काय विचारावं, यावर उघडपणे लिहिणारं मासिक एका माळरानावरच्या कारखान्याच्या गावातून निघत होतं! पुरवणीतलं आपलं हे पान त्याच वाटेवरचं आहे. कारखान्याच्या आत जाता येईलच असं नाही, पण गाडी थांबवून लेकीला ही गोष्ट जरूर सांगा.

संध्याकाळी भिलवडीजवळच्या औदुंबरला दत्ताचं दर्शन, घाटावर थोडा वेळ, आणि मुक्कामाला सांगली.

पाचवा दिवस : सांगली, हरिपूर, मिरज

सांगलीचा गणपती, १९२९ सालचा आयर्विन पूल आणि मग हरिपूर. इथं वारणा कृष्णेला मिळते. काठावर संगमेश्वराचं देऊळ आहे. पूर्वी सांगलीची हळद हरिपूरच्या जमिनीत खणलेल्या पेवांमध्ये साठवत. हवा लागत नसल्यानं ती वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुरात पेवांमध्ये पाणी शिरलं आणि बरीच पेवं निकामी झाली. ‘संगीत शारदा’ लिहिणारे गोविंद बल्लाळ देवलही हरिपूरचेच. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या कोवळ्या पोरीची बाजू त्यांनी रंगमंचावर मांडली, हे आपण विसरता कामा नये.

शेवटचा थांबा मिरज. भोपळ्यापासून तंबोरा नि सतार कशी घडते, ते मुलांना इथल्या कारागिरांच्या दुकानात पाहता येतं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या पिढीतल्या गायिका हिराबाई बडोदेकर यांचा जन्म याच मिरजेतला.

आता प्लॅनिंग तिच्यासाठी

ठिकाणं ठरली, की एक वही घ्या आणि सगळ्यांना एकत्र बसवा. कामं वाटून लिहा. गाडीची सर्व्हिसिंग, टायरची हवा, स्टेपनी आणि फास्टॅग हे नवऱ्याकडे. प्रत्येक मुलानं आपली बॅग आपण भरायची. एखादी वस्तू विसरली, तर विसरली. वाटेत दुकानं आहेत! किल्ली, दूध, झाडं हे घरी असलेल्या कॉलेजकुमाराकडे.

डब्यांचा हट्ट सोडा. पहिल्या दिवसापुरत्या दशम्या पुरेत. पुढं झुणका-भाकरी, मिसळ, खानावळीतली थाळी काय वाईट असते? स्वयंपाकघर असलेली खोली ‘सोयीची’ म्हणून घेऊ नका. तिथं चहापासून सुरुवात होते आणि बघता बघता ती पोह्यांच्या कढईपाशी उभी असते.

आणखी एक गोष्ट, जी आपण कुणी बोलत नाही. वाटेत स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून कितीतरी जणी प्रवासात पाणीच पीत नाहीत आणि तासन् तास लघवी रोखून धरतात. यातून लघवीचा जंतुसंसर्ग होतो आणि घरी आल्यावर ताप, जळजळ सुरू होते. म्हणून दर दीड-दोन तासांनी थांबायचं, हे आधीच ठरवून टाका. जेवायला कुठं थांबायचं ते मेनूकार्ड बघून नाही, स्वच्छतागृह बघून ठरवा. ‘मला थांबायचंय’ हे सांगायला लाजायचं कशाला? पाळीची तारीख जवळ असेल, तर पॅड पर्समध्येच ठेवा. पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

आणि रोज एक तास तिचा. त्या तासात मुलं बाबांकडे, सासूबाई विश्रांती घेतील. तिनं घाटावर एकटीनं बसावं, बाजारात फिरावं, नाहीतर चक्क झोपावं. हा तासही वहीत वेळेसकट लिहा. लिहिला नाही, तर तो मिळत नाही!

हे लक्षात ठेवा

– जुलै-ऑगस्टमध्ये हा बेत नकोच. घाटात दरडी कोसळतात आणि कृष्णेला पूर येतो. २०१९ आणि २०२१ चा महापूर सांगलीकर विसरलेले नाहीत.

– दिवाळीनंतर उसाचा हंगाम सुरू होतो. कऱ्हाड-सांगली भागात रात्री उसाच्या ट्रॉल्या मागचा दिवा नसतानाही रस्त्यावर असतात. अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोहोचा.

– मे महिन्यात महाबळेश्वरला गर्दी नि दर दोन्ही चढे असतात, सांगलीत ऊन सोसत नाही. दिवाळी ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. थंडीत गेलात तर स्ट्रॉबेरीही मिळेल.

– घाटावर सुंदर दिसलं, तरी मुलांना अनोळखी पाण्यात उतरू देऊ नका.

– आणायचं काय? कोरेगाव भागातला वाघ्या घेवडा, साताऱ्याचे पेढे, सांगलीची हळद आणि भडंग.

बेत आखणारी बाईच असते, तर त्या बेतात तिचं नावही असायला हवं. तेव्हा यंदा यादी करताना पहिल्या ओळीवर मुलांचे स्वेटर लिहू नका, स्वतःचं नाव लिहा. बाकीची यादी घरातले सगळे मिळून पूर्ण करतील!