शीशमच्या संशोधनाचा लाभ मोजायचा कसा?

सहारनपूरच्या लाकडी नक्षीकामाची ओळख आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांना नव्याने करून द्यायला नको. रेहाल, पेट्या, जाळ्या, पडदे हा सारा माल प्रामुख्याने शीशमवर उभा राहिला. (आपल्याकडचा शिसवी निराळा, शीशम हे उत्तरेत कालव्याकाठी व रस्त्याकडेला वाढणारे झाड.) या झाडाला मर रोगाने ग्रासले. उभी झाडे शेंड्याकडून वाळू लागली आणि बरेच काम आंब्याच्या लाकडाकडे वळले.

जवळच देहरादूनला १९०६ पासून वन संशोधन संस्था आहे. पण संशोधनाचा पैसा मोजका. मग आधी कोणते झाड हाती घ्यायचे? अर्थशास्त्री उत्पन्नातील वाढ, भाव, यशाची शक्यता, किती शेतकरी लागवड करतील आणि किती वर्षे थांबावे लागेल, हे पाहतात. यातले थांबणेच फार महागात पडते. शेकडा १० चक्रवाढ दराने तीस वर्षांनी मिळणाऱ्या एक लाख रुपयांची आजची किंमत जेमतेम ५,७०० रुपये. सात वर्षांनी मिळणाऱ्या लाखाची मात्र ५१,००० च्या वर. साहजिकच सहा-आठ वर्षांत तोडीला येऊन यमुनानगरच्या प्लायवूड कारखान्यांत जाणारा पॉप्लर बाजी मारतो.

पॉप्लरशी आमचे भांडण नाही. शेतकऱ्याच्या हाती रोकड येते, हे चांगलेच. आमचा आक्षेप असा की, लाभ नुसत्या लाकडाच्या भावावर धरला तर पुढची छिन्नीची मजुरी हिशेबाबाहेर राहते. ती किती मोठी आहे, याचा अंदाज निर्यातीवरून येतो. सायटीस कराराखाली शीशमवर २०१७ पासून निर्बंध आले. निर्यात सुमारे १,००० कोटींवरून ५००-६०० कोटींवर घसरली व सुमारे ५०,००० कारागिरांना झळ बसली, असे सरकारनेच २०२२ मध्ये सांगितले. त्या नोव्हेंबरात पनामाच्या बैठकीत दहा किलोच्या आतील नगांना परवान्यातून सूट मिळाली. कागदाची अडचण हलकी झाली. रोगावर मात्र बैठकीत इलाज होत नाही.

अर्थात आंब्यावर तेवढीच मजुरी सुटत असेल, तर शीशमचा लाभ तितका कमी धरावा लागेल. म्हणून आमची कारखानदारांना सूचना आहे : कोणते लाकूड किती घनफूट लागले, त्यावर मजुरी किती गेली आणि माल कितीला विकला, याची नोंद लाकडानुसार वेगळी ठेवा. संशोधन संस्थेपुढे मागणी न्यायची, तर सोबत ही वही हवी.