पांढुर्ण्यातला समुद्रफेस

हौसेला मोल नसते म्हणतात. जांब नदीकाठी राहून घरात समुद्र मांडणारा मी, वाचक हसतील! लिटरमागे ३५ ग्रॅम सागरी क्षार कालवले. तरी पाणी पिवळटले नि माझ्या विदूषक माशांच्या जोडीने अन्न सोडले. दोष माझाच. टाकीच्या मानाने अवाढव्य स्किमर मी घेतला. एवढ्याशा मळाने त्याच्या रुंद नळीत फेस टिकेना. सौंसरच्या एका स्नेह्यांनी लहान यंत्र दिले, वर बजावले, "गुऱ्हाळातली मळी आठवा!" बारीक बुडबुड्यांना प्रथिने चिकटतात नि फेसाबरोबर वर येतात. (गोड्या पाण्यात ही युक्ती फारशी साधत नाही.) नवे यंत्र आठवडाभर स्थिरावू दिले, मग निकासाची चावी केसभर आवळली. सकाळी पेल्यात कोऱ्या चहाच्या रंगाचे, घाणेरड्या वासाचे पाणी! चौथ्या दिवशी जोडीने दाणा टिपला.