लोखंडी पुलाची जलपट्टी

दिल्लीत सलीमगडाला लागून यमुना ओलांडणारा, वरून रेल्वे आणि खालून वाहने नेणारा १८६६ सालचा जुना लोखंडी पूल भूगोलाच्या अभ्यासकाला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण शहरातील पुराची पातळी येथेच मोजली जाते आणि केंद्रीय जल आयोगाचे पूर्वानुमान याच आकड्याभोवती फिरते.

साधन दिसायला अगदी साधे असते: मीटर-सेंटिमीटरच्या खुणा रंगवलेली पट्टी उभी बसवायची आणि पाणी जिथे टेकेल तो आकडा नोंदवहीत लिहायचा. येथील धोक्याची पातळी २०५.३३ मीटर आहे; ती पाण्याची खोली नसून समुद्रसपाटीपासूनची उंची होय. ही समुद्रसपाटी मुंबईसह नऊ बंदरांवरील भरती-ओहोटीच्या नोंदींवरून ठरवली गेली, आणि तलमापनाने, म्हणजे दुर्बिणीतून दोन खुणापट्ट्या वाचून उंचीतील फरक मोजत, ती टप्प्याटप्प्याने देशाच्या अंतर्भागात आणली गेली. यमुनाकाठच्या एका आकड्यामागे मुंबईच्या बंदरातील भरती-ओहोटीची नोंद उभी असावी, ही थक्क करणारी गोष्ट आहे.

मात्र पातळीच्या जोडीला विसर्ग, म्हणजे सेकंदाला वाहणारे पाणी, पाहावा लागतो; पात्राच्या छेदाचे क्षेत्रफळ आणि वेगमापकाने मोजलेला प्रवाहाचा वेग यांच्या गुणाकारातून तो निघतो. ऑगस्ट २०१९ मध्ये दोनशेहून अधिक किलोमीटर वर असलेल्या हथिनीकुंड बंधाऱ्यातून ८.२८ लाख क्युसेक पाणी सुटले, तेव्हा पुलाशी नदी २०६.६० मीटरपर्यंत चढली. जुलै २०२३ मध्ये त्याच बंधाऱ्यातून सर्वोच्च विसर्ग जेमतेम ३.५९ लाख क्युसेक असूनही १३ तारखेला पातळी २०८.६६ मीटरवर गेली आणि १९७८ चा २०७.४९ मीटरचा उच्चांक मोडला.

निम्म्याहून कमी पाणी आणि दोन मीटर अधिक उंची, हे कोडे एकट्या पट्टीने सुटत नाही. थोड्या काळात कोसळलेला पाऊस, पात्रात साचलेला गाळ आणि पूरमैदानात, म्हणजे पुराचे पाणी पसरण्याच्या सखल पट्ट्यात, झालेली बांधकामे ही कारणे पुढे आली. त्यांचा वाटा वेगळा काढायचा तर ठराविक ठिकाणी वजन बांधलेली दोरी सोडून किंवा ध्वनिलहरींनी तळाची खोली घेऊन पात्राचा छेद वर्षानुवर्षे पुन्हा आखावा लागतो, आणि पाणी किती पसरले हे उपग्रहाच्या रडारचित्रांवरून पाहावे लागते, कारण रडारच्या लहरी पावसाळी ढगांतूनही पार जातात.