जळालेल्या नकला, टिकलेल्या भिंती

अंबरनाथला वालधुनीकाठी उभ्या असलेल्या शिवमंदिराच्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० हे साल आहे. शिलाहारांच्या या कामाची नोंद व्हावी म्हणून १८६८ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉर्ज टेरी आपली माणसं घेऊन इथे आले. त्यांनी आराखडे काढले, छायाचित्रं घेतली, शिल्पांचे साचे उतरवले. चारच वर्षांनी त्याच जे. जे.चे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांसह अजिंठ्याला नकला करायला गेले. नक्कल म्हणजे दुय्यम काम, असं आपल्याकडे सर्रास मानतात. एका जपानी चित्रकाराची हकीकत वाचल्यावर हे मत टिकत नाही.

१९१६ साली रवींद्रनाथ टागोरांनी योकोहामात, हारा सांकेई या रेशीम व्यापाऱ्याकडे, शिमोमुरा कान्झान यांचं ‘योरोबोशी’ हे पडद्यावरचं चित्र पाहिलं. दंतकथेतला शुन्तोकुमारू हा त्याचा विषय. बापाने घराबाहेर काढलेला हा आंधळा तरुण फुललेल्या झाडाखाली हात जोडून उभा आहे. समोर, सोनेरी पडद्याच्या दुसऱ्या टोकाला, त्याला न दिसणारा मावळता सूर्य. रवींद्रनाथांनी प्रत मागितली. ती आराई कान्पो या चित्रकारांनी केली, आणि त्याच ओळखीतून ते कोलकात्याला रवींद्रनाथांच्या जोराशांकोच्या वाड्यात जपानी कुंचला शिकवायला आले.

तिथून ते अजिंठ्याला गेले. १९१७-१८च्या हिवाळ्यात, सावामुरा सेन्तारो या अभ्यासकाच्या सोबतीने, त्यांनी बुद्ध-बोधिसत्त्वांच्या नकला केल्या. जपानी चित्रकारांची नकलेची जुनी रीत अशी: मूळ चित्रावर पातळ कागद वरच्या कडेने बसवायचा, खालची कड काठीवर गुंडाळायची. कागद वर गुंडाळला की चित्र दिसतं. झरकन खाली सोडायचा आणि डोळ्यांत रेष ताजी असतानाच ती उतरवायची. पुन्हा वर, पुन्हा खाली. एका भुवईसाठी हे कितीदा करावं लागत असेल! याला दुय्यम कोण म्हणेल?

अजिंठ्याच्या नकलांना मात्र आगीचा शापच होता. मेजर रॉबर्ट गिल यांनी ग्रिफिथ्सच्या आधी केलेल्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या. ग्रिफिथ्स यांच्या चमूच्या कित्येक १८८५मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. आराईंच्या नकला तोक्योच्या विद्यापीठात होत्या. १९२३च्या भूकंपानंतरच्या आगीत त्याही खाक झाल्या. लेण्यांतल्या भिंती मात्र राहिल्या.

जपानमधल्या होर्युजी मंदिरात उलट घडलं. अजिंठ्याशी नातं सांगणाऱ्या तिथल्या भित्तिचित्रांची नक्कल १९४०मध्ये सुरू झाली, तेव्हा साठी ओलांडलेले आराई त्यात होते. १९४५च्या एप्रिलमध्ये होर्युजीच्या वाटेवरच त्यांचा मृत्यू झाला. २६ जानेवारी १९४९ला नकलेचं काम चालू असतानाच मंदिराला आग लागली आणि भिंतींवरचे रंग करपून गेले. १९६७-६८मध्ये चित्रं नव्याने रंगवली गेली, तेव्हा या नकला आणि जुनी छायाचित्रं हाच आधार होता.

अंबरनाथच्या दगडाची झीज डोळ्यांना दिसते आहे. टेरींच्या चमूने उतरवलेलं मंदिर अंबरनाथ-बदलापूरच्या मुलांना मंदिराशेजारीच, मूळ शिल्पाशी ताडून पाहता यायला हवं. नगरपालिका आणि पुरातत्त्व खात्याने मनावर घेतलं तर त्याला एखादी खोली पुरेल.