भाषेचा हक्क आणि सरकारी तिजोरी

कॅनडात १९६९ च्या कायद्याने इंग्रजी आणि फ्रेंच या दोन्ही भाषांना केंद्र सरकारच्या राजभाषांचा दर्जा मिळाला आणि १९८२ च्या हक्कांच्या सनदेने त्याला घटनात्मक पाया दिला. तथापि शाळा आणि रुग्णालये प्रामुख्याने प्रांतांच्या अखत्यारीत असल्यामुळे भाषेचा प्रश्न बहुधा प्रांतिक अंदाजपत्रकापाशी येऊन अडतो. बहुसंख्याकांना दुसऱ्या भाषेतील सेवा हा वाढीव खर्च वाटतो, तर अल्पसंख्याकांच्या दृष्टीने तोच समाज टिकण्याचा आधार असतो.

फ्रेंचबहुल क्वेबेक प्रांताबाहेरील फ्रेंच भाषकांची सर्वांत मोठी वस्ती इंग्रजीबहुल ओंटारिओत आहे. त्या प्रांताने १९१२ मध्ये ‘सतरावा नियम’ काढून फ्रेंच माध्यमातील शिक्षण प्राथमिक शाळेच्या पहिल्या दोन वर्षांपुरते मर्यादित केले होते, आणि त्याविरुद्धचा लढा दीर्घकाळ चालला. पुढे १९८६ च्या फ्रेंच भाषा सेवा कायद्याने ठरावीक भागांत प्रांतिक सरकारच्या सेवा फ्रेंचमधून मिळण्याचा हक्क मान्य केला.

या हक्काची खरी कसोटी ओटावातील मोंफोर रुग्णालयाच्या निमित्ताने लागली. आरोग्यसेवांची फेररचना करून खर्च कमी करण्यासाठी नेमलेल्या आयोगाने फेब्रुवारी १९९७ मध्ये हे रुग्णालय बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हा व्हॅनिएच्या माजी महापौर जिझेल लालोंद यांच्या नेतृत्वाखाली चळवळ उभी राहिली आणि मार्चमधील सभेला सुमारे दहा हजार लोक जमले. काही महिन्यांनी आयोगाने संपूर्ण बंदीऐवजी मोठ्या कपातीचा पर्याय पुढे केला. शहरातील अन्य रुग्णालयांत द्विभाषिक सेवा मिळू शकत असताना स्वतंत्र फ्रेंच संस्था कशासाठी, असा कपातीच्या समर्थकांचा सवाल होता.

या सवालाचे उत्तर मोंफोरच्या दैनंदिन कामकाजातच होते. द्विभाषिक रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीवर फ्रेंच बोलणारा कर्मचारी भेटला, तरी छातीत कळ येते की दाब जाणवतो हे सांगण्याची वेळ येते तेव्हा समोरच्या डॉक्टरला ती भाषा येत असेलच असे नाही. मोंफोरमध्ये मात्र कामकाजाचीच भाषा फ्रेंच होती आणि भावी डॉक्टर-परिचारिकांचे प्रशिक्षणही त्याच भाषेत होत असे, त्यामुळे त्यावर कुऱ्हाड पडली असती तर आजच्या सेवेबरोबर उद्या ती देणारे मनुष्यबळही आटले असते.

ओंटारिओच्या अपील न्यायालयाने डिसेंबर २००१ मध्ये रुग्णालयाच्या बाजूने निकाल दिला. अल्पसंख्याकांचे संरक्षण हे घटनेत स्वतंत्र कलम म्हणून लिहिलेले नसले, तरी तिच्या रचनेत अंतर्भूत असलेले तत्त्व आहे, असे सांगून न्यायालयाने मोंफोरच्या भाषिक आणि सांस्कृतिक महत्त्वाचा आयोगाने गांभीर्याने विचार केला नसल्याचा ठपका ठेवला. काटकसर करण्याचा सरकारचा अधिकार त्यामुळे नाहीसा झाला नाही; परंतु संस्थेचे मोल केवळ खाटांच्या आणि डॉलरांच्या हिशेबात ठरवता येत नाही, हे प्रस्थापित झाले.

खर्चाचा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही, कारण पैसा अखेर सर्वांच्या करातूनच येतो. म्हणूनच अल्पसंख्याक भाषेतील शिक्षणाचा हक्क देणारे सनदेचे २३ वे कलम, त्या हक्काची व्याप्ती विद्यार्थ्यांच्या संख्येशी जोडते. १९९० च्या ‘माहे’ खटल्यात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की विद्यार्थी मोजके असतील तर फक्त वर्ग, पुरेसे असतील तर शाळा आणि तिच्या कारभारात पालकांचा वाटा, अशी ही चढती श्रेणी आहे.

अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचे हे तत्त्व एकाच बाजूच्या सोयीचे नाही. क्वेबेकमध्ये इंग्रजी भाषक अल्पसंख्य आहेत आणि तेथील २०२२ च्या कायद्याने, आरोग्यासारखे अपवाद ठेवून, सरकारी व्यवहारातील इंग्रजीच्या वापरावर अधिक मर्यादा घातल्या. इंग्रजीच्या महासागरात वेढलेल्या फ्रेंचला संरक्षण हवे, हे खरे. पण ओंटारिओतील फ्रेंच भाषकांसाठी मागितलेला न्याय मॉन्ट्रिअलच्या इंग्रजी भाषकांनाही लागू पडला पाहिजे. अल्पसंख्याक समाजही कर भरतो, त्यामुळे त्याची शाळा आणि त्याचे रुग्णालय ही सरकारने केलेली मेहेरबानी नसून त्याच्याच पैशाचा रास्त विनियोग आहे, आणि कपातीची पहिली कात्री तेथेच चालवणे हा अन्यायच होय.